प्राण्यांसाठी कायदा मोडण्याआधी काय तपासावे

गंगापूर रोडवरच्या एखाद्या बंद बंगल्याच्या आवारात साखळीला बांधलेला कुत्रा पाण्यावाचून तडफडत असेल, तर कुंपण ओलांडावे का? नाशिकच्या प्राणिमित्रांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच.

आधी कायदा आपल्याला काय देतो ते पाहावे, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार मालकाने प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे हा गुन्हा आहे. कलम ३४ नुसार शिपायाहून वरच्या दर्जाचा पोलीस असा प्राणी ताब्यात घेऊन तपासणीसाठी जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे आणू शकतो. म्हणून ११२ वर कळवावे, रस्त्यावरूनच छायाचित्रे घ्यावीत आणि लेखी तक्रारीची पोच मागून घ्यावी. या कायद्याखालचा खटला गुन्ह्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, हेही लक्षात ठेवावे. कलम ११ चे बहुतेक गुन्हे अदखलपात्र असून पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा १० ते ५० रुपये आहे, याचा संताप येणे रास्तच; पण शिक्षा हलकी आहे एवढ्यावरून आपल्याला कुलूप फोडण्याचा अधिकार मिळत नाही.

तो प्रश्न उभा राहतो तो मदत येईपर्यंत प्राणी जगणार नाही अशी खरीच स्थिती असेल तेव्हा. अशा वेळी सर्वांत लहान उल्लंघन निवडावे: फाटकातून पाणी सरकवता येत असेल तर आत शिरू नये, आत शिरून पाणी देता येत असेल तर कुत्रा उचलून नेऊ नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये मोठी हानी टाळण्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृत्याला संरक्षण आहे, परंतु ते आपल्याला लागू पडते की नाही हे न्यायालय ठरवते. अटकेची तयारी ठेवूनच पाऊल उचलावे.

ज्याच्यासाठी हे करायचे, त्या प्राण्याचे पुढे काय होणार? सिन्नरकडच्या एखाद्या शेडमधून रात्री ब्रॉयलर कोंबड्या मोकळ्या सोडल्या, तर वजनाने जड झालेले ते पक्षी सकाळपर्यंत कुत्र्यांच्या तोंडी जातील. शिवाय आपल्याच विभागातल्या नवापूरने २००६ मध्ये बर्ड फ्लू पाहिलेला आहे. बाहेरचे पाय शेडमध्ये काय घेऊन येतात, याचाही विचार करावा.

माणसावर हात टाकणे मात्र कोणत्याही परिस्थितीत वर्ज्य. ‘पोलीस काही करत नाहीत’ हाच युक्तिवाद गोरक्षणाच्या नावाखाली महामार्गावर गाड्या अडवणारेही करतात, आणि जून २०२३ मध्ये याच जिल्ह्यात केवळ संशयावरून झालेल्या मारहाणीत माणसे दगावली. जी कसोटी त्यांना लावायची तीच स्वतःलाही लावावी.

कृत्य उघडपणे करावे. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली लोक चेहरे न झाकता दारांशी बसले आणि दगड झेलले. ते स्वतःच्या हक्कासाठी लढत होते. आपण मुक्या जिवाच्या वतीने ठरवतो, म्हणून आपल्यावरचे बंधन अधिक कडक असायला हवे. व्हिडिओला मिळणाऱ्या पसंतीसाठी केलेली सुटका या कसोटीला क्वचितच उतरते.

आत शिरलाच असाल, तर त्याच तासात पोलिसांना स्वतः फोन करून आपले नाव, वेळ आणि काय केले ते सांगावे, झालेले नुकसान भरून द्यायची तयारी दाखवावी. प्राणी बाहेर काढावाच लागला, तर पशुवैद्यकाकडून तपासणीचा दाखला घेऊन तो पोलिसांच्या सांगण्यानुसार पांजरपोळीत किंवा अन्य आश्रयस्थानी पोहोचवावा. निकाल लागेपर्यंत तो मुद्देमाल असतो, परस्पर दत्तक देऊ नये.