आधी सियालिक आम्ल, मग बाकी सगळं

जीएम१ (नसांच्या पेशींवरचं, साखरांची साखळी लागलेलं लिपिड, म्हणजे स्निग्ध रेणू) बनवायला घेतलंत की आधी सियालिक आम्लाची, म्हणजे त्या साखळीतल्या आम्लधर्मी साखरेची, जोडणी उरका. बाकीच्या साखरा त्यामानाने गरीब. हवा असतो अल्फा बंध, घुसतो बीटा, म्हणजे उलट्या दिशेचा. मी ॲसिटोनायट्राइलमध्ये, उणे ४० अंशांवर, उत्प्रेरक थेंबाथेंबाने सोडते. घाई केली की बीटा वाढलाच म्हणून समजा. सेरामाइड (रेणूची स्निग्ध शेपटी) शेवटी जोडा.

मग रुग्णाच्या रक्तातल्या जीएम१विरोधी अँटिबॉडी मोजायला ते मिथेनॉलमध्ये विरघळवून एलायझा प्लेटवर (चाचणीची खळग्यांची ताटली) वाळवा. धुताना ट्वीन (साबणासारखं द्रव्य) नको! पहिल्या खेपेला मी सवयीने घातलं, तर लिपिडच धुऊन गेलं आणि मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथीच्या (या नसांच्या आजारात जीएम१विरोधी अँटिबॉडी बऱ्याचदा सापडतात) रुग्णाचं सीरम चक्क निगेटिव्ह आलं. शेजारी लिपिड न लावलेला एक खळगा ठेवा. त्याचं रीडिंग वजा करूनच अँटिबॉडी मोजा. मिलर फिशरची (नसांचाच दुसरा आजार) शंका असेल तर जीएम१ नाही, जीक्यू१बी (त्याच कुळातलं दुसरं लिपिड) लावा.