विशेष ग्रंथालयाचा पंचवार्षिक आराखडा करताय? या चुका टाळा

रुग्णालय, संशोधन संस्था, वकिलांची फर्म, बँक, वृत्तपत्र, अभियांत्रिकी सल्लागार कंपनी अशा एखाद्या संस्थेच्या पोटात चालणारं ग्रंथालय म्हणजे विशेष ग्रंथालय. अशा ग्रंथालयांचे आराखडे चाळले तर बरेचसे सार्वजनिक वाचनालयाच्या आराखड्याची छोटी आवृत्ती वाटतात. वाचनसंस्कृती रुजवणे, सभासद वाढवणे, ग्रंथसंपदा समृद्ध करणे वगैरे. वाक्यं गोड आहेत, पण इथे त्यांचं काम नाही. विशेष ग्रंथालयाला मातृसंस्थेपासून सुटं असं ध्येयच नसतं. संस्था पुढच्या पाच वर्षांत काय करणार आहे आणि त्यासाठी कोणाला कोणती माहिती कधी लागणार आहे, एवढंच त्यानं पाहायचं असतं. हे सुटलं की पुढच्या चुका ओळीनं येतात.

स्वॉटचा तक्ता, एकट्यानं, एका दुपारी

ताकद: समृद्ध संग्रह, अनुभवी कर्मचारी. उणीव: अपुरा निधी, अपुरी जागा. संधी: नवं तंत्रज्ञान. धोका: इंटरनेट. हा तक्ता तुमच्याही फायलीत असेल. त्यातलं संस्थेचं नाव झाका आणि तो शेजारच्या संस्थेला चालतो का ते पाहा. चालत असेल तर तो फाडून टाकायला हरकत नाही.

तक्त्याआधी तीन कागद वाचा: संस्थेचा गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल, मंजूर झालेल्या नव्या प्रकल्पांची यादी आणि भरतीची जाहिरात. भरतीची जाहिरात ग्रंथपालाच्या नजरेतून नेहमी सुटते. रुग्णालय नवजात अतिदक्षता विभागासाठी डॉक्टर शोधत असेल, तर सहा महिन्यांनी तुमच्याकडे कोणती मागणी येणार हे त्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं.

मग माणसांशी बोला. पण ‘कोणती पुस्तकं मागवू?’ असं विचारू नका. त्यावर भिडेखातर दोन नावं मिळतात आणि ती पुस्तकं कपाटात कोरी राहतात. ‘गेल्या आठवड्यात कशावर अडलात, आणि मग काय केलंत?’ असं विचारा. रात्रपाळीचा निवासी डॉक्टर सांगेल की अकरा वाजता नवजात बाळासाठी औषधाची मात्रा पडताळायची होती, ग्रंथालय साडेपाचला बंद झालेलं, ऑनलाइन संदर्भांचा पासवर्ड फक्त ग्रंथालयाच्या संगणकावर चालतो, म्हणून सीनियरला फोन केला. या एका उत्तरात आराखड्याची दोन कलमं आहेत: विभागातूनच चालणारा प्रवेश, आणि वॉर्डात ठेवायचा अद्ययावत संदर्भ. समाधान-पाहणीच्या छापील फॉर्मवर याच डॉक्टरनं ‘सेवा उत्तम’ अशी खूण केली असती.

जुनी आवृत्ती: काढायची की ठेवायची?

निर्लेखनाचं, म्हणजे जुनी पुस्तकं संग्रहातून काढून टाकण्याचं, धोरण दुसऱ्या ग्रंथालयाकडून उचलणं ही मला सगळ्यांत महागडी चूक वाटते. सार्वजनिक वाचनालयात जुनं पुस्तक फार तर जागा अडवतं. विशेष ग्रंथालयात ते माणसाला चुकीच्या निर्णयाकडे नेऊ शकतं. आणि नेमकं तेच पुस्तक दुसऱ्या एखाद्या कामाला अत्यावश्यकही असतं.

पोलादी बांधकामाची आयएस ८०० ही भारतीय मानक संहिता घ्या. १९८४ ची आवृत्ती कार्यकारी ताणाच्या पद्धतीवर बेतलेली होती. २००७ ची मुख्यतः मर्यादा-अवस्था पद्धतीवर, म्हणजे डिझाइनच्या हिशेबाची पद्धतच बदलली. नव्या शेडचं डिझाइन करणाऱ्या पोराच्या हातात कपाटातून १९८४ ची प्रत आली, तर चूक त्याची आणि तुमचीही. म्हणून ती रद्दीत घालावी? तसंही नाही. १९९० च्या सुमाराला बांधलेल्या कारखान्याच्या स्ट्रक्चरल ऑडिटला कोणी बसला, की मूळ डिझाइन कोणत्या नियमांनी झालं हे कळायला तीच प्रत लागते. उपाय साधा आहे. मुखपृष्ठावर लाल शिक्का, ‘रद्द आवृत्ती, नव्या कामासाठी वापरू नये’, वेगळं कपाट, आणि तालिकेतल्या (कॅटलॉगमधल्या) नोंदीत नव्या आवृत्तीचा हवाला. शिक्का पहिल्या आतल्या पानावरही मारा. झेरॉक्स काढताना मुखपृष्ठ कोणी काढत नाही.

कायद्याच्या ग्रंथालयात हाच प्रश्न १ जुलै २०२४ पासून रोज उभा आहे. त्या दिवशी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागते आणि असे खटले वर्षानुवर्षं चालणार आहेत. जागा मोकळी करायच्या उत्साहात जुनी भाष्यं काढणाऱ्यांवर पुन्हा तीच पुस्तकं शोधत फिरायची वेळ येईल. औषधशास्त्रात मात्र मात्रांच्या जुन्या संदर्भपुस्तिकेला वॉर्डात एक दिवसही थारा नको. इतिहास संशोधनाच्या ग्रंथालयात निर्लेखन हा शब्दच जपून उच्चारावा. तेव्हा धोरण विषयागणिक लिहा, ‘दहा वर्षांपूर्वीची पुस्तकं’ असा सरसकट नियम करू नका.

जाता जाता, पडताळणीच्या (नोंदीतली पुस्तकं जागेवर आहेत का ते मोजण्याच्या) धाकानं पुस्तकं कुलपात ठेवणाऱ्या केंद्र सरकारी संस्थांतल्या ग्रंथपालांसाठी: सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ नीट वाचा. वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, ती अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणामुळे नसेल तर, वाजवी धरता येते. एक हजार रुपयांहून महागडं आणि कोणत्याही किमतीचं दुर्मीळ पुस्तक गेलं, तर चौकशी होतेच. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर पडताळणी दरवर्षी, वीस ते पन्नास हजारांना तीन वर्षांतून निदान एकदा, त्याहून मोठ्या संग्रहाला नमुना पडताळणी. पंचवार्षिक वेळापत्रकात हे आधीच मांडून ठेवा. न्यास आणि राज्य सरकारच्या संस्थांना त्यांचे त्यांचे नियम लागू, ते वेगळे पाहावेत.

पैशाचं कॅलेंडर

नियतकालिकांची वर्गणी बहुधा जानेवारी ते डिसेंबर चालते. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. एवढी साधी गोष्ट आराखड्यात नसते, आणि मग दर हिवाळ्यात तोच गोंधळ. नूतनीकरणाचे आदेश ऑक्टोबर-नोव्हेंबरात जायला हवेत, तेव्हा शिल्लक कमी. मार्चअखेर पैसा उरला की ‘काहीतरी मागवा’. ती काहीतरी मागवलेली पुस्तकं ओळखू येतात, त्यांच्यावर देवघेवीचा एकही शिक्का नसतो. वर्गणीसाठी वेगळं लेखाशीर्ष मागा, त्याची मंजुरी सप्टेंबरात घ्या आणि डॉलर-युरोच्या चढउतारासाठी थोडी फट ठेवा.

आता दुसरी, अधिक गंभीर बाब. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली, म्हणजे वर्गणी सरकारनं एकत्र भरायची आणि संस्थांना नियतकालिकं ऑनलाइन वाचायला मिळायची. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. लाभ सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्थांना. तुमची संस्था यात बसत असेल, तर तीच नियतकालिकं स्वतःच्या पैशानंही चालू आहेत का हे आजच तपासा. खाजगी न्यास किंवा कंपनी असाल तर या योजनेच्या भरवशावर राहू नका. आणि लाभार्थी असलात तरी ज्या निधीची मंजुरी २०२७ पर्यंतची आहे, त्याच्यावर २०३० चा आराखडा उभा करू नका. इथे परिस्थितीनुरूप नियोजन खरोखर उपयोगी पडतं: योजना चालू राहिली तर, नियतकालिकांची यादी बदलली तर, थांबली तर. तिसऱ्या शक्यतेसाठी ‘काहीही झालं तरी सोडायची नाहीत’ अशी छोटी यादी शास्त्रज्ञांकडूनच करून घ्या. ती यादी करतानाच्या भांडणांतून संस्थेचा अग्रक्रम जितका कळतो तितका कोणत्याही सभेत कळत नाही.

वापराचे आकडे बघा, पण डोकं वापरून. समजा एका नियतकालिकाची वर्गणी २,४०,००० रुपये आणि वर्षभरात १२ लेख उतरवले गेले, तर एक लेख २०,००० रुपयांना पडला. सुटे लेख विकत घेणं स्वस्त. पण त्या बारातल्या एका लेखामुळे प्रयोगशाळेनं चुकीची दिशा सोडली असेल तर? म्हणून आकड्याशेजारी ‘कोणी, कशासाठी’ हा रकाना हवाच. वाचनकक्षात किती जण बसले ही संख्या मात्र अहवालातून निम्म्यानं कमी केलीत तरी चालेल. एसीसाठी आलेलेही तीत मोजलेले असतात.

आधी यंत्र, मग विचार

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घेतलं, पुस्तकांना आरएफआयडी (रेडिओ लहरींनी ओळख पटवणारी चिप) बसवली, स्कॅनर आला. कोहा २००० पासून वापरात आहे, मुक्त आहे, चांगलं आहे. प्रश्न त्याचा नाही. प्रश्न असा की नोंदीच अर्धवट असतील तर त्या अर्धवटच पण वेगानं दिसू लागतात.

मोडी कागदांच्या संग्रहात हे प्रकर्षानं जाणवतं. कागद रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेले असतात. स्कॅन करणारं कंत्राटी पथक रुमाल सोडतं, कागद सरळ करून प्रतिमा घेतं, फाइलला चालू क्रमांक देतं आणि पुन्हा बांधतं. हार्ड डिस्कवर हजारो प्रतिमा, पण कोणती कोणत्या रुमालातली, कागदाची पाठ कोणती, पुरवणी कुठे जोडलेली होती, हे गेलं. मोडी वाचणारा माणूस नंतर आणला तरी तुटलेला क्रम त्याला पुरता जोडता येत नाही. म्हणून फाइलच्या नावातच रुमाल क्रमांक, कागद क्रमांक आणि पुढची-मागची बाजू घाला, आणि स्कॅनिंगच्या निधीतला ठळक वाटा कागद वाचून त्यांची सूची करण्यासाठी राखून ठेवा. तेवढा नसेल तर कमी रुमाल घ्या.

छापील पुस्तकांच्या बाबतीत १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचल्याशिवाय स्कॅनरला हात लावू नका. जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची त्यातली मुभा लोकांना खुल्या असलेल्या, नफा न करणाऱ्या ग्रंथालयाला आहे, आणि तीही त्याच्याकडे छापील प्रत आधीपासून असेल तर. कंपनीच्या बंद ग्रंथालयानं ती आपली समजू नये.

एक माणूस, एक तळमजला

बहुतेक विशेष ग्रंथालयं एक-दोन माणसांवर चालतात. प्रकाशकांच्या खात्यांचे पासवर्ड ग्रंथपालाच्या खाजगी ईमेलवर, परवान्यांचे करार कोणत्या तरी ड्रॉवरमध्ये, आणि निवृत्तीची तारीख सगळ्यांना ठाऊक असूनही आराखड्यात नाही. संस्थेच्या नावानं एक सामाईक ईमेल काढा, सगळी खाती त्यावर हलवा. प्रत्येक कराराच्या पहिल्या पानावर मुदत, नूतनीकरणाची तारीख आणि वर्गणी थांबवल्यावर जुने अंक मिळतील की नाही हे मोठ्या अक्षरांत लिहा. शेवटची ओळ कोरी राहिली तर प्रकाशकाला आत्ताच पत्र टाका.

जागेचंही तसंच. सांगलीत २०१९ ला आणि चिपळूणला २०२१ ला पुराचं पाणी ग्रंथालयांत शिरलं. तरीही नवी इमारत झाली की ग्रंथालयाला तळमजला मिळतो, कारण पुस्तकांचं वजन. वजनाचा मुद्दा खरा आहे, त्यामुळे मजल्यावरून वाद घालण्यापेक्षा खालचे दोन खण रिकामे ठेवायची मंजुरी मागा, आणि दाखल नोंद वहीची प्रत शहराबाहेर ठेवा. विमा आणि भरपाईच्या वेळी ग्रंथालयात कोणती पुस्तकं होती ते सांगायला ती वही लागते.

आराखडा समितीपुढे अडकला असेल तर तो कापून वर्षाचा एकच कागद करा: तीन कामं, प्रत्येकासमोर माणसाचं नाव आणि तारीख, आणि यंदा बंद करायच्या एका सेवेचं नाव. समितीची चर्चा बहुधा त्या शेवटच्या ओळीवरच रंगते. वृत्तपत्र कात्रणांची फाइल बंद करतो म्हटलं की ती कोण वापरतं, हे तिथेच कळतं.