आंब्याखाली सावलीतली झाडं कशी जगवली

आमच्या आंब्याखाली काहीच टिकत नव्हतं. अडचण सावलीची नव्हती. वरच्या थरातलं सगळं पाणी आंब्याची मुळं ओढून घेत होती. खणून ती तोडणं मला पटेना. म्हणून नेचे, अग्लोनेमा आणि पीस लिली कुंड्यांसकट काठापर्यंत जमिनीत बसवले. कुंडीतल्या मातीत पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडी जाडसर वाळू. तळाच्या भोकातून आंब्याची केसासारखी बारीक मुळं आत घुसतातच, त्यामुळे दर पावसाळ्याआधी कुंडी उचलून ती छाटते.

खालच्या फांद्या विरळ केल्यावर कवडसे पडू लागले आणि नुसतीच पानं वाढवणाऱ्या पीस लिलीला फुलं आली. काय आनंद झाला! फक्त घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जपा: पीस लिली आणि अग्लोनेमाच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते.