जुन्या मोटारीसाठी फॉल्ट कोड वाचणारे साधन कसे निवडावे

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला, की बिघाडाचा कोड वाचणारे एखादे साधन घरीच असावे असे वाटू लागते आणि खोक्यावर ‘सर्व गाड्यांना चालते’ असे छापलेले पहिले साधन घेतले जाते. नव्या मोटारीच्या बाबतीत हा दावा बहुतांशी खरा ठरतो. जुन्या मोटारीत मात्र असे होते, की साधन सॉकेटमध्ये नीट बसते, त्याचा दिवाही लागतो आणि पडद्यावर गाडीशी संपर्क होत नसल्याची ओळ तेवढी उमटते. अशा वेळी साधन बिघडलेले नसते आणि गाडीचा कंट्रोल युनिटही, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणकही, बिघडलेला नसतो. दोघांची भाषा जुळत नसते, इतकेच. म्हणून जुन्या मोटारीसाठी निवड करताना आधी गाडी पाहावी आणि साधनांकडे नंतर वळावे.

गाडीतले बिघाडाचे कोड बाहेरच्या साधनाला देण्याची आज सर्वत्र चालणारी पद्धत म्हणजे ओबीडी-२. अमेरिकेत ती १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. युरोपीय संघात नव्या पेट्रोल मोटारींना २००१ पासून आणि डिझेल मोटारींना २००४ पासून, तर भारतात एप्रिल २०१३ पासून. यापूर्वीच्या सगळ्याच गाड्यांत ती नसते असे नाही, कारण एकच मॉडेल अनेक देशांत विकणाऱ्या कंपन्यांनी काही गाड्यांत ती आधीच बसवली होती. पण ती असेलच असे गृहीत धरता येत नाही. नोंदणीचे वर्ष आणि उत्पादनाचे वर्ष यांत अंतर असू शकते, त्यामुळे गाडीवर कंपनीने बसवलेल्या माहितीच्या प्लेटवरून (नंबर प्लेटवरून नव्हे) उत्पादनाचे वर्ष आणि इंजिनाचा नेमका प्रकार टिपून ठेवावा. साधनाच्या यादीत आपली गाडी शोधताना या दोन गोष्टी लागतातच.

सॉकेट उघडून पाहणे

ओबीडी-२ चा सॉकेट सोळा पिनांचा असून त्याचा आकार इंग्रजी डी अक्षरासारखा असतो आणि तो बहुधा स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ सापडतो. तो मिळाला म्हणजे काम झाले असे समजू नये. टॉर्च घेऊन आत पाहावे, कारण सोळाही जागांवर धातूच्या पिना असतातच असे नाही आणि ज्या आहेत त्यांवरूनच गाडी कोणत्या पद्धतीने बोलते याचा अंदाज येतो. रुंद बाजू वर धरली, तर वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ असे क्रमांक येतात. ४ आणि ५ या अर्थिंगच्या पिना आहेत, तर १६ वर थेट बॅटरीचा प्लस येतो. ७ वर पिन असेल, तर के-लाइन, म्हणजे एका तारेवरून बोलण्याची जुनी पद्धत, आहे असे समजावे. तिच्या जोडीला कधी १५ वर एल-लाइन असते. २ आणि १० दोन्ही भरलेल्या असतील, तर जे१८५० पीडब्ल्यूएम, म्हणजे मुख्यतः फोर्डची जुनी पद्धत. फक्त २ असेल, तर जे१८५० व्हीपीडब्ल्यू, जी जनरल मोटर्सने वापरली. ६ आणि १४ या कॅनच्या, म्हणजे नव्या गाड्यांतील वेगवान पद्धतीच्या, पिना आहेत. उरलेल्या जागा कंपन्यांना स्वतःच्या उपयोगासाठी मोकळ्या ठेवलेल्या आहेत.

हा अंदाजच आहे, खात्री नव्हे. जनरल मोटर्सच्या १९९४-९५ च्या काही गाड्यांत सॉकेट सोळा पिनांचा आहे, पण आतला संवाद कंपनीच्या जुन्याच पद्धतीने चालतो. नव्वदच्या दशकातील अनेक युरोपीय गाड्यांत ७ क्रमांकावर के-लाइन असते, पण तिच्यावरून कंपनीची स्वतःची भाषा जाते, ओबीडी-२ जात नाही. अशा गाडीला साधा स्कॅनर कितीही वेळा लावला, तरी तो उत्तर मिळवू शकत नाही.

याहून जुन्या गाड्यांत सॉकेटचा आकारच वेगळा असतो. बीएमडब्ल्यूचा वीस पिनांचा गोल सॉकेट बॉनेटखाली असतो, मर्सिडीझचा अडतीस पिनांचा. निस्सानचा चौदा पिनांचा, फियाटचा तीन पिनांचा आणि जनरल मोटर्सचा बारा पिनांचा. या सगळ्यांसाठी सोळा पिनांत रूपांतर करणाऱ्या जोडवायरी मिळतात आणि इथेच सर्वाधिक पैसा वाया जातो, कारण जोडवायर फक्त आकार बदलते. तिच्या दुसऱ्या टोकाला त्या गाडीची भाषा जाणणारे साधन किंवा सॉफ्टवेअर नसेल, तर ती वायर केवळ शोभेची ठरते.

साधनाशिवायही कोड मिळतात

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतील कित्येक गाड्यांना स्कॅनरची गरजच नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. टोयोटाच्या त्या काळातील बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समध्ये टीई१ आणि ई१ या दोन जागा वायरच्या तुकड्याने जोडून इग्निशन चालू केले, इंजिन मात्र सुरू केले नाही, की चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागतो. तो सारख्या अंतराने भरभर लुकलुकत राहिला, तर कोड साठलेला नाही. दोनदा लुकलुकून थांबला आणि मग एकदा लुकलुकला, तर तो २१ क्रमांकाचा कोड असून त्याचा संबंध ऑक्सिजन सेन्सरशी असतो. जनरल मोटर्सच्या बारा पिनांच्या सॉकेटमध्ये ए आणि बी जोडल्यावर आधी १२ हा कोड तीनदा येतो; तो बिघाड नसून इंजिन बंद असल्याचे आणि यंत्रणा बोलत असल्याचे लक्षण आहे. तो पाहून घाबरून डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) बदलायला निघालेली माणसे मी पाहिली आहेत.

अशा गाडीसाठी सर्वांत उपयोगी खरेदी म्हणजे त्या मॉडेलचे वर्कशॉप मॅन्युअल आणि एक चांगला डिजिटल मल्टिमीटर. मल्टिमीटरचा इनपुट रोध १० मेगाओहम असावा. जुन्या पद्धतीचा बल्बचा टेस्टर कंट्रोल युनिटच्या तारांना लावू नये, कारण बल्ब ओढतो तेवढा प्रवाह आतल्या नाजूक भागांना सोसवेलच असे नाही. कोणत्या दोन जागा जोडायच्या हे मॅन्युअलमधील आकृतीवरून पक्के केल्याशिवाय वायर लावू नये, आणि पिवळ्या आवरणाच्या एअरबॅगच्या जोडांना तर हातच लावू नये.

स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टरचे काय?

ओबीडी-२ असलेल्या जुन्या गाडीसाठी फोनवर चालणारा ईएलएम ३२७ जातीचा अडॅप्टर हा सर्वांत प्रचलित पर्याय आहे. एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनेडियन कंपनीने ही चिप बनवली. तिच्या पहिल्या आवृत्तीतील प्रोग्रॅमला नकलेपासून संरक्षण नव्हते, त्यामुळे तिच्या असंख्य नकला बाजारात आल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. आज मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत नकलाच असतात आणि नक्कल असणे हा स्वतःहून दोष नाही. दोष आहे तो अर्धवट नकलेत. काही नकला स्वतःची आवृत्ती १.५ सांगतात, जी मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती, २.१ म्हणवणाऱ्या अनेकांत काही आज्ञाच काढून टाकलेल्या असतात. कॅनवर चालणाऱ्या नव्या गाडीत हा उणेपणा लक्षात येत नाही. जुन्या गाडीत तो पहिल्याच दिवशी कळतो, कारण नेमके जे१८५० आणि के-लाइन हेच भाग तिथे लंगडे असतात. म्हणून घेण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: ओबीडी-२ चे पाचही प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याच्या पद्धती, यात खरोखर आहेत का: दोन्ही जे१८५०, के-लाइनवर चालणाऱ्या आयएसओ ९१४१-२ आणि केडब्ल्यूपी २०००, आणि कॅन? उत्तर गोलमोल आले, तर पुढे जाऊ नये. वापरून परत करण्याची मुभा असेल, तर ती मोलाची समजावी.

फोनकडेही पाहावे लागते. अँड्रॉइड फोनला जुने ब्लूटूथ चालते. आयफोनला मात्र वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा अडॅप्टर लागतो. फोनची कटकट नको असेल, तर पडदा आणि वायर असलेला हातातला साधा कोड-रीडर अधिक विश्वासाचा, असे माझे मत आहे. तो गाडीच्याच बॅटरीवर चालतो आणि दहा वर्षे ड्रॉवरमध्ये पडून राहिला, तरी अॅपच्या अपडेटची वाट पाहत बसत नाही.

एकाच कंपनीची गाडी बाळगणाऱ्याने मात्र सर्वसाधारण स्कॅनरपेक्षा त्या कंपनीसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा विचार आधी करावा. फोक्सवॅगन आणि ऑडीसाठी व्हीसीडीएस, फोर्ड आणि माझ्दासाठी फोरस्कॅन, फियाट आणि अल्फा रोमिओसाठी मल्टिईसीयूस्कॅन, जुन्या बीएमडब्ल्यूसाठी इन्पा, अशी सॉफ्टवेअरे यूएसबीच्या योग्य केबलसह लॅपटॉपवर चालतात. कारण असे, की ओबीडी-२ चा नियम प्रदूषणापुरता बनलेला आहे. साधा स्कॅनर इंजिनाच्या आणि त्याच्याशी निगडित कोडपलीकडे सहसा जात नाही. एबीएस, एअरबॅग, क्लायमेट कंट्रोल यांचे कोड त्याला दिसत नाहीत, आणि एबीएसचा दिवा लागलेला असताना साधा कोड-रीडर ‘कोड नाही’ असे म्हणतो, तेव्हा माणसाची दिशाभूल होते. कोणता दिवा विझवायचा आहे हे ठरवूनच साधन निवडावे. पंखा, इंजेक्टर किंवा एखादा सोलेनॉइड स्क्रीनवरून चालू-बंद करून तपासायचा असेल, तरीही असेच सॉफ्टवेअर किंवा बरेच महाग व्यावसायिक यंत्र लागते.

कोड दाखवणे पुरेसे नाही

कोड वाचता येतो एवढ्यावर साधन घेऊ नये. चालू आकडे, म्हणजे लाइव्ह डेटा, आणि फ्रीझ फ्रेम दाखवणारेच घ्यावे. कोड साठला त्या क्षणीचे तापमान, वेग आणि इंजिनाच्या फेऱ्या फ्रीझ फ्रेममध्ये नोंदलेल्या असतात. पी ०१७१ या कोडचे उदाहरण घेऊ. त्याचा अर्थ एवढाच, की पहिल्या बँकेत, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या ओळीत, मिश्रण पातळ आहे, इंधन कमी आणि हवा जास्त. नुसता कोड पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेकदा तो सेन्सर निरपराध असतो, कारण त्याने फक्त तक्रार कळवलेली असते. लाइव्ह डेटात अल्पकालीन आणि दीर्घकालीन फ्युएल ट्रिमची, म्हणजे कंट्रोल युनिट इंधनात टक्क्यांनी करत असलेल्या वाढ-घटीची, बेरीज पाहावी. एअर-फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत ही बेरीज आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद फिरत असताना, +२२ टक्के असेल आणि २५०० फेऱ्यांवर +४ वर उतरत असेल, तर सेन्सरच्या पुढे कुठेतरी चोरून हवा आत येत आहे: फुटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचे कडक झालेले गॅस्केट. आयडलला येणाऱ्या थोडक्या हवेत गळतीचा वाटा मोठा असतो. फेऱ्या वाढल्या, की तो झाकला जातो. चित्र उलटे असेल, म्हणजे आयडलला सारे ठीक आणि चढावर किंवा भार पडल्यावर बेरीज +२० कडे जात असेल, तर इंधन पुरत नाही किंवा एअर-फ्लो सेन्सर हवा कमी मोजतो आहे, असे समजून फिल्टर, पंप आणि तो सेन्सर तपासावा. हा फरक दाखवू न शकणारे साधन पी ०१७१ एवढेच सांगून थांबते.

के-लाइनवरच्या गाड्यांत हे आकडे सावकाश बदलतात. सेकंदाला मोजकीच मूल्ये येतात. त्यामुळे एका वेळी दहा आलेख उघडून ठेवू नयेत, दोन-तीन निवडावेत. साधनाच्या जाहिरातीत दाखवलेले झरझर पळणारे आलेख कॅनच्या गाडीवरचे असतात.

पहिल्यांदा जोडताना

साधन आल्यावर आधी बॅटरी मोजावी. इंजिन बंद असताना ती साधारण १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. अशक्त बॅटरीवर जुने कंट्रोल युनिट भलतेच कोड साठवतात आणि मग सेन्सरांच्या मागे वणवण होते. इग्निशन चालू करून कोड वाचावेत, प्रत्येक कोड आणि त्याची फ्रीझ फ्रेम कागदावर उतरवावी, आणि त्यानंतरच पुसण्याचा विचार करावा. पुसल्यावर फ्रीझ फ्रेम जाते आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. प्रदूषण तपासणी जवळ आली असेल, तर त्या पूर्ण व्हायला गाडी बरीच चालवावी लागते.

अडॅप्टर काम झाल्यावर काढून ठेवावा, कारण तो उभ्या गाडीतही बॅटरी ओढत राहतो आणि जुन्या गाडीला महिनाभर उभे राहण्याची सवय असते. साधनाचा दिवाच लागला नाही, तर ते परत पाठवण्याआधी एक गोष्ट पाहावी. अनेक गाड्यांत १६ व्या पिनेचा पुरवठा सिगारेट लायटरच्याच फ्यूजमधून येतो, आणि चार्जर खुपसून खुपसून तो फ्यूज केव्हाच उडालेला असतो.