‘गो ऑफ’चा अर्थ कर्ता ठरवतो

ब्रिटनमधल्या वसतिगृहांत आगीच्या वेळी काय करायचं याची पाटी लावलेली असते. तिच्यावर अशा धर्तीचं वाक्य असतं: ‘इफ द फायर अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग इमीजिएटली.’ आपल्याकडून नुकताच गेलेला विद्यार्थी ते वाचतो. एकही शब्द अडत नाही. आणि तो अर्थ लावतो, अलार्म बंद झाला की इमारत सोडायची. म्हणजे वाजतोय तोवर खोलीत थांबायचं. नेमकं उलटं. ‘गो ऑफ’ शिकताना सगळ्यात आधी हा खड्डा बुजवा, बाकीचे अर्थ नंतर.

खड्डा पडतो तो आपल्या रोजच्या बोलण्यामुळे. पंखा ऑफ कर, त्याचा फोन स्विच ऑफ येतोय, आज मूड ऑफ आहे. ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे इतकं पक्कं बसलेलं असतं की तपासावंसंही वाटत नाही. त्यात गंमत अशी की हा समज निम्म्या वेळा बरोबर निघतो. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. ‘द हीटिंग गोज ऑफ ॲट टेन’ म्हणजे दहाला हीटिंग बंद होतं. दोनदा बरोबर आलं की विद्यार्थी नियम मानून पुढे जातो, आणि अलार्मपाशी तोच नियम त्याला तोंडावर पाडतो. साफ चुकीचा नियम लवकर पकडला जातो. अर्धवट बरोबर असलेला वर्षानुवर्षं टिकतो.

म्हणून हे एक वाक्य पाठच करा: ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट सिक्स, सो आय टर्न्ड इट ऑफ.’ सहाला अलार्म वाजला, म्हणून मी तो बंद केला. एकाच वाक्यात दोन ‘ऑफ’ आणि दोन्हींचं काम उलट. ‘गो ऑफ’ ही गोष्ट अलार्म स्वतः करतो, म्हणून पुढे कर्म नाही. ‘टर्न ऑफ’ माणूस करतो, म्हणून कर्म लागतं, आणि ते सर्वनाम असेल तर मधेच बसतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ म्हणू नका. तिसरा भाऊ ‘सेट ऑफ’. फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म वाजला, तर ‘द स्मोक सेट ऑफ द अलार्म’. धुराने वाजवला तर सेट ऑफ, नुसता वाजला तर गो ऑफ, तुम्ही थांबवला तर टर्न ऑफ. हे तीन वेगळे ठेवता आले की मोठं काम झालं.

उलट अर्थाचे शब्दही सरळ जोडीने येत नाहीत. दिवे ‘गो ऑफ’ होतात आणि ‘गो ऑन’ होतात, इथपर्यंत ठीक. पण ‘द अलार्म वेंट ऑन फॉर टेन मिनिट्स’ म्हणजे अलार्म सुरू झाला असं नव्हे, तो दहा मिनिटं वाजतच राहिला. वाजायचा थांबला हे सांगायला साधं ‘स्टॉप्ड’ पुरतं.

हे वाचून घाबरला असाल तर आपलं ‘सुटणं’ बघा. गाडी सुटली म्हणजे निघाली. शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे सुरू झाला. नोकरी सुटली म्हणजे गेली. पोट सुटलं, सवय सुटली, बंदुकीतून गोळी सुटली. सुरू होणं आणि संपणं, दोन्ही एकाच क्रियापदात, आणि तुम्हाला कधीही गोंधळ वाटला नाही. कारण तुम्ही ‘सुटणं’ ऐकून अर्थ लावत नाही, काय सुटलं ते ऐकून लावता. ‘गो ऑफ’ला हीच सवय लावायची आहे. ती तुमच्यात आहेच, फक्त इंग्रजीकडे वळवायची आहे.

तर कर्ता बघा. घड्याळ, अलार्म, भोंगा असेल तर वाजणं. बॉम्ब किंवा फटाका असेल तर फुटणं, बंदूक असेल तर गोळी सुटणं. दिवा, वीज, हीटिंग असेल तर बंद पडणं. दूध, मासे, मटण असेल तर खराब होणं: ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’. पाव शिळा झाला तर मात्र ‘गॉन स्टेल’ म्हणतात. कार्यक्रम किंवा बैठक असेल तर पार पडणं, आणि तिथे पुढे ‘वेल’ किंवा ‘स्मूदली’सारखा शब्द लागतोच: ‘द मीटिंग वेंट ऑफ वेल’. माणूस असेल तर बहुधा निघून जाणं: ‘शी वेंट ऑफ टु वर्क’. त्याला ‘विथ’ जोडला की सावध व्हा. ‘ही वेंट ऑफ विथ माय अंब्रेला’ म्हणजे माझी छत्री न विचारता घेऊन गेला.

माणूस कर्ता आणि ‘ऑफ’च्या पुढे लगेच नाम आलं, तर अर्थ पुन्हा फिरतो. ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’ म्हणजे कॉफी आता आवडेनाशी झाली. हेच माणसाबद्दल बोललात तर तो मनातून उतरला असा अर्थ होतो, तेव्हा जपून. नासण्याचा आणि न आवडण्याचा हे दोन्ही वापर मुख्यतः ब्रिटिश. अमेरिकेत दुधाला ‘गॉन बॅड’ म्हणा. तिकडे ‘ही वेंट ऑफ ऑन मी’ ऐकलंत, तर तो माझ्यावर भडकला असं समजा.

व्याकरणात एक चूक फार होते: ‘द अलार्म वॉज गॉन ऑफ’. या अर्थाने कर्म नाही, म्हणून कर्मणी प्रयोगही नाही. ‘वेंट ऑफ’ किंवा ‘हॅज गॉन ऑफ’, एवढंच.

वहीत कसं लिहायचं? बाजारातल्या याद्या डावीकडे ‘गो ऑफ’ आणि उजवीकडे एकाखाली एक सात अर्थ देतात. तसं अजिबात लिहू नका. डावीकडे कर्ता लिहा, उजवीकडे पूर्ण वाक्य, मराठी अर्थ लिहायचाच तर पानाच्या मागे. एका बैठकीत तीनच अर्थ घ्या, आणि त्यांत एक सुरू होण्याचा आणि एक बंद होण्याचा हवाच: अलार्म, दिवे, दूध. दुसऱ्या दिवशी कर्ता वाचून वाक्य तोंडी म्हणा. अडलं तरच उजवीकडे बघा. शब्दकोश शिकणाऱ्यांसाठी बनवलेला हवा, ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनचा. तिन्ही ऑनलाइन फुकट आहेत. त्यांत अर्थाच्या आधी कंसातल्या खुणा वाचा. ‘ऑफ’पुढे ‘समथिंग’ छापलं असेल तर तिथे कर्म लागतं, आणि ‘ब्रिटिश’ किंवा ‘इन्फॉर्मल’ लिहिलं असेल तर कुठे वापरायचं ते कळतं. बहुतेक जण ह्या खुणा गाळून सरळ अर्थाकडे धावतात.

मिनिटाच्या व्हिडिओत पन्नास फ्रेजल व्हर्ब, म्हणजे ‘गो ऑफ’सारखी जोडशब्दांची क्रियापदं, शिकवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तिथे प्रत्येकाला एकच मराठी शब्द जोडलेला असतो, आणि तो एक शब्दच पुढे नडतो. शिक्षक निवडताना एक कसोटी लावा. ‘गो ऑफ म्हणजे काय?’ असं विचारा. जो लगेच अर्थ सांगतो त्याच्यापेक्षा ‘कुठल्या वाक्यात?’ असं उलट विचारतो तो बरा.

ऐकताना अडचण वेगळी. ‘वेंट ऑफ’ जोडून ‘वेंटॉफ’ येतं, ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’चं ‘द मिल्क्स गॉनॉफ’ होतं, आणि जोर बहुधा ‘ऑफ’वर पडतो. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगची ध्वनिफीत एकदाच वाजते, मागे जाता येत नाही. म्हणून वहीतली वाक्यं मोठ्याने आणि जोडूनच म्हणा. शब्द सुटे म्हणण्याची सवय लागली तर कानाला जोडलेले ओळखू येत नाहीत. ‘गो ऑफ’ जमलं की ह्याच पद्धतीने ‘टेक ऑफ’ घ्या: विमान, बूट, धंदा. तिथेही आधी पाहा की कोण काय करतंय, आणि मगच शब्दकोश उघडा.