छोटा हत्ती की मोठी पिकअप? गाडी घेताना या चुका टाळा

नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो न्यायला गाडी घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो, हप्ता किती बसेल? दुसरा, हौदा केवढा आहे? पासिंगचा, म्हणजे गाडीत कायद्याने किती वजन भरता येतं याचा विषय शेवटी येतो, तोवर बयाणा देऊन झालेला असतो.

हौदा बघून माल ठरवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, साधारण 750 किलो पासिंगचा. बोलेरो पिकअप 1.3 ते 1.7 टनांपर्यंत मिळते. हा आकडा नुसत्या मालाचा नाही. केबिनमधली माणसं, ताडपत्री, दोर, मागाहून बसवलेली लोखंडी जाळी, सगळं त्यातच धरायचं. टोमॅटोचं भरलेलं कॅरेट साधारण 22 किलो. छोट्या हत्तीच्या 750 मधून दोन माणसांचे 140 किलो वजा केले की उरले 610, म्हणजे 27 कॅरेट. पण पाच थर लावले की हौद्यात 60 बसतात, आणि बसतात म्हणून भरली जातात. माणसं धरून ते होतं 1460 किलो. पासिंगच्या जवळजवळ दुप्पट.

मग गाडी मागून बसते आणि आपण पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, वाढवून घेतो. मीही घेतले होते, दोन्ही बाजूंना एकेक जादा. गाडी सरळ उभी राहिली आणि मला वाटलं, ताकद वाढली. माळशेज घाटातून कल्याणकडे उतरताना कळलं की ब्रेक, बेअरिंग आणि टायर होते तेच आहेत. तिसऱ्या गिअरवर ब्रेक दाबत उतरत होतो. अर्ध्या घाटात पेडल मऊ पडलं, पाय खालपर्यंत जायला लागला आणि जळक्या ब्रेक लायनरचा वास केबिनभर पसरला. कशीबशी पहिल्यावर आणून कडेला घेतली, चाकांना दगड लावले. तासभर हात थरथरत होते. दोष गाडीचा नव्हता, भरलेल्या मालाचा होता. म्हणून मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो, तुमच्या वाटेवरचा सगळ्यात अवघड तुकडा डोळ्यांसमोर ठेवून गाडी निवडा. भरल्या गाडीने घाट रोजचा असेल, तर मोठी पिकअपच घ्या.

दंडाचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जादा मालाला 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि तो माल उतरवून घ्यायचा खर्चही आपलाच.

उलटी चूकही होते. पुण्याच्या पेठांत दहा दुकानांना बेकरीचा माल किंवा पाण्याचे जार टाकायचे असतील, तर 9 फुटी हौद्याची गाडी गळ्यात पडते. उभी करायला जागा नाही, वळवायला जागा नाही, हौदा अर्धा रिकामा. तिथे छोटा हत्तीच बरा. हंगामाच्या दोन-तीन महिन्यांसाठी मोठी गाडी घेऊन बाकीचं वर्ष हप्ते भरण्यापेक्षा त्या दिवसांत भाड्याची पिकअप लावा.

छोटी घेतली तर विम्यात बचत होईल, हा हिशेबही पुरता खरा नाही. मालवाहू चारचाकीच्या थर्ड पार्टी विम्यात 7,500 किलो एकूण वजनापर्यंत (गाडी आणि माल मिळून) एकच टप्पा आहे, दोन्ही गाड्या त्यातच येतात. परवान्याचंही तसंच. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते.

गाडी आधीच दारात असेल, तर ती कमी पडतेय का हे तिच्या वागण्यावरून कळतं. भरल्यावर स्टेअरिंग हलकं लागतं, कारण पुढची चाकं उचलल्यासारखी होतात. रात्री समोरचे गाडीवाले सारखे डिपर मारतात, कारण तुमच्या लाइटचा झोत वर गेलेला असतो. मागचे टायर पुढच्यांच्या कितीतरी आधी संपतात. असं काही दिसलं तर अंदाजावर राहू नका. नेहमीची खेप भरून वजनकाट्यावर जा, आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून घ्या. पावतीवरचा पहिला आकडा आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरच्या, एकूण वजनाशी ताडून बघा, दुसरा मागच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेशी.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी रंग बघण्याआधी खाली वाकून पाटे मोजावेत. कंपनीच्या पाट्यांपेक्षा एखादा जास्त दिसला, नवा दिसला, तर त्या गाडीने काय ओढलंय ते विचारा, आणि मागच्या अ‍ॅक्सलला मेस्त्रीचा हात लागल्याशिवाय बयाणा देऊ नका.