पुण्यातील ताजी बिअर: कोठे जावे, काय मागावे आणि कशी पारखावी

पुण्यातील एखाद्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे स्वतःची बिअर लहान प्रमाणात स्वतःच तयार करणाऱ्या जागेत, पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा फळ्यावरची यादी वाचतो आणि त्यातले सर्वांत अनोळखी नाव मागवतो. आंब्याची, कोकमाची, कॉफीची किंवा चॉकलेटची बिअर समोर येते, ती नवलाईने प्यायली जाते, आणि तेथील बिअर चांगली आहे की नाही हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. माझा सल्ला याच्या उलट आहे. नव्या जागी गेल्यावर आधी यादीतील सर्वांत साधी बिअर मागवावी: लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली, साध्या चवीची बिअर) असेल तर लागर, नसेल तर कोल्श (हलकी, फिकी जर्मन बिअर) किंवा हेफेवायझन (गव्हाची जर्मन बिअर). फळाच्या आणि मसाल्याच्या आड बऱ्याच उणिवा झाकल्या जातात, पण साध्या बिअरला आडोसा नसतो. वरण-भात कसा जमला आहे यावरून खानावळ ओळखावी, तसेच हे आहे.

थोडी पार्श्वभूमी माहीत असली की निवड सोपी जाते. पुण्यात ही सुरुवात २००९ मध्ये झाली. उंड्रीजवळच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये ‘डूलाली’ने आपली टाकी बसवली, आणि देशातील अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींमध्ये तिची गणना होते. हे नावही आपल्याच मातीतले आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत दिवस काढणारे ब्रिटिश सैनिक कंटाळ्याने आणि उन्हाने वेडेपिसे होत, त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यातला ‘टॅप’ हा तोटीचा नसून आपला ‘ताप’ आहे. पुढे २०१४ च्या सुमारास मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी’ आणि कोरेगाव पार्कात ‘एफिंगट’ सुरू झाली, त्यानंतर ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ आली, आणि मग बाणेर, बालेवाडी, खराडी या भागांत ब्रूपब, म्हणजे बिअर तयार करून तेथेच देणारे पब, उघडत गेले. मधापासून मीड तयार करणारी ‘मूनशाइन मीडरी’ही पुण्याचीच, मीड ही बिअर नसली तरी याच लोकांच्या टेबलावर ती दिसते.

जागा वाढल्या, तरी फळ्यांवरच्या याद्या मात्र एकमेकींसारख्या दिसू लागल्या आहेत. एक गव्हाची हेफेवायझन, एक विटबिअर (गव्हाचीच, पण बेल्जियन पद्धतीची), एक फळाची, एक काळी स्टाउट आणि एक आयपीए (हॉप्स नावाच्या फुलांनी कडू केलेली) ही यादी निम्म्या शहरात सारखीच आढळते. यामागे ग्राहकाच्या आवडीइतकाच टाकीचा हिशेब आहे. यातील बहुतेक बिअर ‘एल’ या जातीच्या असतात. एल जातीचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंश तापमानाला काम करते आणि अशी बिअर दोन ते तीन आठवड्यांत तोटीवर येऊ शकते. लागरचे यीस्ट मात्र १० अंशांच्या आसपास सावकाश आंबवते, त्यानंतर ती बिअर आणखी काही आठवडे थंड ठेवून निवळू द्यावी लागते, आणि तेवढा काळ टाकी अडून राहते. भाड्याच्या जागेत, मोजक्या टाक्यांवर धंदा चालवणाऱ्याला हे परवडणे कठीण असते. म्हणून जेथे मन लावून केलेली लागर मिळते, त्या जागेविषयी मला विशेष आदर वाटतो, आणि पाहुण्यांना मी आधी तेथेच नेतो.

ही बिअर बाटलीतल्या बिअरपेक्षा वेगळी का, हेही समजून घ्यावे. बाटलीतली बिअर सहसा गाळलेली आणि पाश्चरीकरण केलेली असते, त्यामुळे ती महिनोन्महिने टिकते. ब्रूपबमधील बिअर त्याच आवारात तयार होऊन बहुतेक वेळा न गाळता, न तापवता पेल्यात येते. तिच्यात यीस्ट जिवंत असते. ताजे ताक आणि दोन दिवसांचे ताक यांत जो फरक असतो तोच येथेही पडतो, आणि म्हणून ताजेपणाची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये.

या चौकशीसाठी शनिवारची संध्याकाळ निरुपयोगी आहे. मंगळवार ते गुरुवार, सातच्या सुमारास जावे. वाढणाऱ्याला बोलायला सवड असते, आणि नशीब चांगले असेल तर ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, स्वतः टाक्यांपाशी भेटतो. तीन गोष्टी विचाराव्यात. आज तोटीवर असलेल्यांपैकी सर्वांत अलीकडे कोणती सुरू झाली? यातील कोणत्या बिअर येथेच तयार झाल्या आणि कोणत्या दुसरीकडून आल्या? तोटीच्या नळ्या किती दिवसांनी धुता? तिसऱ्या प्रश्नाचे चांगले उत्तर ‘दर दोन आठवड्यांनी’ किंवा त्याहून लवकर असे असते. जेथे या प्रश्नाने कोणी नाराज होत नाही, उलट उत्साहाने सांगू लागते, ती जागा बहुधा भरवशाची निघते. चव पाहण्यासाठी दोन घोट मागितले तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. चार-पाच छोट्या पेल्यांचा सॅम्पलर मिळत असेल तर दोघांत मिळून तो घ्यावा, आणि फिकी आधी, काळी व कडू शेवटी, असा क्रम ठेवावा. एकदा आयपीए प्यायली की तिच्या कडूपणापुढे हेफेवायझन पाणचट वाटते, आणि तो दोष हेफेवायझनचा नसतो.

पेला हातात आला की लगेच तोंडाला लावू नये. आधी तो उजेडाकडे धरून आतील काच पाहावी. बुडबुडे बिअरमधून सरळ वर जाण्याऐवजी काचेला चिकटून बसले असतील, तर पेल्यावर साबणाचा किंवा तेलकटपणाचा अंश राहिला आहे असे समजावे आणि पेला बदलून मागावा. फेस दोन बोटे असावा. बिनफेसाचा काठोकाठ भरलेला पेला म्हणजे फायदा नव्हे, कारण वास फेसाबरोबरच वर येतो. बिअर फार गार असेल तर पेला तळहातांत धरून तीन-चार मिनिटे थांबावे. अतिथंड बिअरला वास उरत नाही आणि दोषही लपतो.

मग वास घ्यावा, आणि येथे आपल्या स्वयंपाकघराची ओळख फार उपयोगी पडते. चांगल्या हेफेवायझनमध्ये पिकलेल्या वेलची केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, मात्र त्यात ना केळे घातलेले असते ना लवंग. ते सारे यीस्टचे काम आहे. विटबिअरमध्ये मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल पडते. स्टाउटचा कॉफीसारखा करपट गंध बहुधा भाजलेल्या सातूचा (बार्लीचा) असतो. आयपीएमध्ये वापरल्या जाणाऱ्या काही अमेरिकी हॉप्सना आंब्याचा, लिचीचा, पपनसाच्या सालीचा वास असतो. फळ्यावर लिहिलेला आयबीयू हा आकडा कडूपणाचे माप आहे: हेफेवायझन साधारण १० ते १५, तर आयपीए ४० ते ७०. आपल्याला कारल्याची भाजी किती आवडते हे आठवून त्या आकड्याकडे पाहावे.

दोषांचे वासही असेच ओळखीचे आहेत. लोण्याचा किंवा बटर लावलेल्या पॉपकॉर्नचा वास, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास, हिरव्या सफरचंदाचा कच्चा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि व्हिनेगरची आंबट झणक, हे पाच लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअरला हवा लागून ती जुनी झाली. मुद्दाम आंबट केलेल्या प्रकारात नसताना व्हिनेगरचा वास आला, तर बहुतेक वेळा नळी किंवा तोटी अस्वच्छ असते.

लोण्याच्या वासाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मागच्या पावसाळ्यात एका ब्रूपबमध्ये मी लागर मागवली आणि पेला जवळ आणताच लोणी कढवल्यासारखा वास आला. वाढणाऱ्या मुलाने ‘सर, ही अशीच असते’ असे सांगितले. मी आवाज न चढवता ब्रुअरला भेटता येईल का असे विचारले. तो गमबूट घालूनच आला, पेला फिरवून दोनदा हुंगला आणि क्षणभर गप्प राहिला. मग त्याने समजावून सांगितले की आंबवण संपत आल्यावर लागरला दोन-तीन दिवस किंचित उबदार ठेवावे लागते, म्हणजे यीस्ट स्वतःच निर्माण केलेले ते द्रव्य परत शोषून घेते. सलग सुट्ट्यांची गर्दी असल्याने ती टाकी घाईने थंड केली गेली होती. त्याने स्वतः जाऊन ती तोटी बंद केली. मला दुसरी बिअर मिळाली, पण त्याहून मोलाची गोष्ट ही की त्या एका वासामागचे कारण कायमचे कळले. तक्रार करताना वास कशासारखा आहे ते नेमके सांगावे. ‘बरोबर नाही’ एवढेच म्हटले तर वाढणाऱ्याकडे उत्तर नसते. ‘लोण्याचा वास येतो’ म्हटले की ब्रुअरला कोठे पाहायचे ते समजते.

स्थानिक जिन्नसांच्या बिअरकडे आता वळावे, कारण साध्या बिअरने भरवसा दिला असेल तर तिची मजा काही औरच असते. आंब्याची बिअर एप्रिल ते जून या काळात मागावी आणि दुसऱ्या घोटावर निर्णय करावा. पहिल्या घोटाला गोडवा सगळ्यांनाच भुलवतो. दुसऱ्या घोटाला गराची किंचित तुरट चव राहिली तर फळ खरे, आणि नुसता सुगंध नाकात रेंगाळून जीभ कोरडी राहिली तर इसेन्स. कोकम आणि मीठ घातलेली आंबटसर बिअर कोकणात आजोळ असलेल्याला विशेष भावते. ज्वारी-बाजरीचे प्रयोगही होतात, परंतु या धान्यांत स्टार्चची साखर करणारी द्रव्ये सातूच्या माल्टपेक्षा (मोड आणून वाळवलेल्या सातूपेक्षा) कमी असल्याने ती सहसा माल्टच्या सोबतीने वापरली जातात. दळलेला माल्ट ६५ अंशांच्या गरम पाण्यात तासभर मुरत असताना जो वास सुटतो तो हॉर्लिक्सची बरणी उघडल्यासारखा असतो; त्यात ज्वारी असली की तोच वास उकडीकडे झुकतो. हॉप्स आणि विशेष प्रकारचा माल्ट आपल्याकडे मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो, म्हणून जी जागा सोलापूरकडची मालदांडी ज्वारी किंवा कोल्हापूरचा गूळ मनापासून वापरून पाहते, तिची बिअर थोडी कमी जमली तरी मी मागवतो आणि कोठे कमी पडली ते ब्रुअरला सांगतो. आपल्या भागाची स्वतःची अशी बिअर व्हायची असेल तर ती याच वाटेने होईल असे मला मनापासून वाटते.

खाण्याबाबत थोडक्यात. चव पाहून होईपर्यंत झणझणीत काही मागवू नये. साधे शेंगदाणे आणि पाणी पुरे. तिखट आणि आयपीए यांची जोडी जमत नाही, कारण हॉप्सचा कडूपणा जिभेवरची जळजळ आणखी वाढवतो. सुक्क्या चिकनबरोबर हेफेवायझन घ्यावी.

कायद्याच्या बाबी आधीच पाहून ठेवाव्यात. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ वर्षे आहे आणि कायद्यानुसार मद्यसेवनाचा परवाना लागतो. ड्राय डेचे दिवस तपासूनच बेत आखावा. गणेशोत्सवात पुण्यात याचा हमखास विसर पडतो. गाडी मात्र घरीच ठेवावी. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुंढव्याहून कोथरूडला परतताना रिक्षाचे भाडे यापेक्षा नक्कीच कमी पडते.

घरी न्यायची असेल तर ग्राउलर, म्हणजे ताजी बिअर भरून देण्याची घट्ट झाकणाची मोठी बाटली, मिळतो का ते विचारावे. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, ब्रुअरींना अशी विक्री करण्याची मुभा राज्यात मिळाली होती. ग्राउलर आपल्यासमोर भरून घ्यावा, तो तळापासून नळीने भरला जातो आहे आणि तोंडाशी फेस आल्यावरच झाकण लागते आहे हे पाहावे, म्हणजे आत हवा कमी राहते. घरी तो फ्रिजमध्ये उभा ठेवावा, दारात नव्हे तर आतल्या कप्प्यात, आणि दोन दिवसांत उघडावा. उघडल्यावर मात्र उद्यासाठी काही शिल्लक ठेवू नये. दोघांना पुरेल एवढाच ग्राउलर घ्यावा, किंवा शेजाऱ्यांना बोलवावे.